उलटीकडून बघून घेतलेला पडदा

आमच्या ह्यांना एक छोटा पडदा घेऊन द्यायचा, असं मी ठरवलं. तो मीच बाजारात जाऊन निवडायचा, हेही मीच ठरवलं. पहिलं ठरवणं बरोबर होतं.

पडदा म्हणजे खिडकीचा नव्हे, कॉम्प्युटरचा. आमच्या ह्यांनी सगळा जन्म सातपूरच्या कारखान्यात लेथ मशीनवर काढला. रिटायर झाले तेव्हा साहेबांनी शाल दिली, नारळ दिला आणि म्हणाले, "नाथाभाऊ, आता आराम करा." ह्यांनी नारळ फोडला, शाल कपाटात ठेवली आणि आराम तेवढा घेतला नाही. त्याऐवजी कॉम्प्युटरचे उद्योग मांडले. आमची नात सृष्टी कॉलेजात जाते, तिने कौतुकाने आजोबांना एक कॉम्प्युटर आणून दिला. साबणाच्या वडीएवढा. मला वाटलं खेळण्यातला असेल. तसा असता तर बरं झालं असतं, एव्हाना मोडला तरी असता.

(मी शाळेत गेलेली नाही. हे मी बोलतेय आणि फोन लिहून घेतोय. शुद्धलेखनाचं जे काय बोलायचं ते त्याला बोला.)

तर त्या वडीला स्वतःचा पडदा नसतो, दुसऱ्याचा लागतो. आणि आमच्या इंदिरानगरच्या घरात पडदा म्हणजे एकच, हॉलमधला टीव्ही. मुलाने दिवाळीला घेतलेला, भिंतभर. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी मालिका बघत बसले होते. पापणी लवली असेल नसेल, समोर बघते तर मालिका गायब. काळा कुट्ट टीव्ही आणि त्यावर पांढरी अक्षरं. पाठीमागे आमचे हे, हातात वायर घेऊन, भिंतीला चिकटून उभे.

"हे काय?" मी म्हटलं.

"प्रोजेक्ट," हे म्हणाले.

त्या दिवसापासून टीव्ही गेला तो गेलाच. ह्यांनी तुळशीच्या कुंडीत दोन तारा खोचल्या. माती सुकली की टीव्हीवर लिहून येतं, 'तुळशीला पाणी हवे'. लग्न होऊन आल्यापासून मी तुळशीला पाणी घालतेय, तुळशीने आजवर कधी लेखी तक्रार केलेली नव्हती. मग गच्चीवरच्या टाकीत एक तार सोडली. टाकी भरली की टीव्हीवर येतं, 'टाकी भरली'. टाकी भरली की पाणी धो धो अंगणात पडतं, हे आम्हाला आधीही कळायचं. पण ते ओलं व्हायचं. आता कोरडंही कळतं आणि ओलंही.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मालिकेत मोठी भानगड होऊन बसली होती. मालिकेतली सासू पावसाळ्यात जिन्यावरून पडली, ती बेशुद्धच. तिच्या बेशुद्धीत सुनेने दोन लग्नं मोडली, एक जमवलं, बंगला विकला, परत घेतला. आता येत्या रविवारी, दोन तासांच्या मोठ्या भागात सासू डोळे उघडणार होती आणि पहिला शब्द काय बोलणार ते कळणार होतं. मी स्वतः सासू आहे. मला हे चुकवून चालणार नव्हतं. शिवाय मी गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावून बसले होते. आमचा टीव्ही मोठा म्हणून.

"अहो, रविवारी संध्याकाळी टीव्ही लागेल मला," मी ह्यांना सांगितलं.

"रविवारी टाकीचं टेस्टिंग आहे."

"टाकी कुठे पळून चाललीय का?"

"सासू पळून चाललीय का? बेशुद्ध आहे म्हणतेस ना?"

सृष्टी जेवत होती, ती म्हणाली, "आजोबा, एक छोटा पोर्टेबल मॉनिटर घ्या ना. वहीएवढा असतो. उचलायचा, कुठेही नेऊन बसायचं. आजीला टीव्ही मोकळा."

"बघतोय," हे म्हणाले.

आणि खरंच बघत होते. गेला महिनाभर तेच बघत होते. मोबाइलवर कोणीतरी पोरगा एकेक पडदा खोक्यातून काढून दाखवतो, ते हे बघत बसायचे. सात इंची घ्यावा तर डोळ्याला बारीक. पंधरा इंची घ्यावा तर पिशवीत मावत नाही. एकाला स्टँड आहे तर आवाज नाही, दुसऱ्याला आवाज आहे तर उजेडात दिसत नाही. एकाचं सगळं जमलं होतं, पण त्याच्याखाली कोणा परक्या माणसाने लिहिलं होतं, की दोन महिन्यांत मधोमध रेघ आली. झालं, तोही सोडला. मला बघायला आले होते तेव्हा हाच माणूस पोहे संपायच्या आत हो म्हणाला होता. मला पुढे रेघ येईल का, हे कोणालाही विचारलं नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, आपणच जायचं.

आता निवडण्याच्या बाबतीत माझं गल्लीत नाव आहे. कोणाच्या घरी लग्न निघालं की बस्ता बांधायला आधी मला बोलावतात. कारण माझं माहेर येवल्याचं. आमच्या घरी कांदा आणि शेजारी पैठणीचा माग. लहानपणी मी कांद्यात कमी आणि मागाशेजारी जास्त बसायचे. तिथे एक गोष्ट मला जन्मभराची कळली. पैठणी कधी सुलटीकडून बघायची नसते. पदर उलटा करायचा. खरी हातमागाची असेल, तर उलटीकडून मोर सुलटीइतकाच स्वच्छ दिसतो. धागे लोंबत असले की समजायचं, मशीनचा माल आहे आणि गिऱ्हाईक शहरातलं आहे.

तर मी शेजारच्या भागीबाईला सोबत घेतलं आणि रिक्षाने एम. जी. रोडला गेले. भागीबाईला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण ती सोबत असली की दुकानदार घाबरून असतो.

दुकानात समाधान नावाचा मुलगा होता. चांगला मुलगा. पुढे जे झालं त्यात त्याचा काडीचाही दोष नाही.

"काय पाहिजे आजी?"

"छोट्या कॉम्प्युटरला लावायचा पडदा दाखव." सृष्टीने शिकवलं होतं तसं मी म्हटलं.

"किती इंची?"

मी दोन्ही हातांनी दाखवलं. "पाटापेक्षा लहान, ताम्हणापेक्षा मोठा."

"टच पाहिजे का? हात लावला की चालणारा?"

"हात लावून चालणारा नको रे बाबा. आमचे हे कोणाला हात लावू देत नाहीत."

त्याने चार पडदे काढले आणि काउंटरवर मांडले. एकेक चालू केला. कशात डोंगर, कशात मासे, कशात पोपट. भागीबाई पोपटाकडे बघून म्हणाली, "अगं बाई, लय खरा दिसतो गं." मी तिला कोपराने ढोसलं. गिऱ्हाइकाने कौतुक करायचं नसतं.

मी पहिला पडदा उचलला आणि पालथा घातला.

"आजी, पडदा पुढून बघतात," समाधान म्हणाला.

"फसतात ते सगळे पुढूनच बघतात," मी म्हटलं.

मागची बाजू बघून मला कसंसंच झालं. स्क्रू, चिठ्ठ्या, आणि कडेला ओळीने भोकं. एक चपटं, एक गोल, दोन कसलीतरी. दुसरा पालथा घातला, तेच. तिसऱ्याला तर मधोमध चार भोकं जास्तीची.

"इतकी भोकं कशाला रे?"

"वायरी लावायला, आजी."

"पाल शिरेल की."

"आजपर्यंत शिरली नाही कुठे."

"तुला काय माहीत? ती काय पावती फाडून शिरते?" भागीबाई म्हणाली.

मी चारही पडदे बाजूला सारले. आणि तेवढ्यात मला तो दिसला. पार वरच्या फळीवर, एकटा. चारी बाजूंनी सोनेरी पट्टी, पट्टीवर वेलबुट्टी, जशी काय काठाची नक्षी. मी म्हटलं, तो काढ. समाधानने नाइलाजाने काढला. मी पालथा घातला. काय सांगू! मागे काळं मखमलीसारखं, सगळीकडून सपाट. एक स्क्रू दिसत नाही की एक धागा लोंबत नाही. खाली कडेला दोन बारीक फटी, त्याही झाकलेल्या.

"हा," मी म्हटलं.

"आजी, हा घेऊ नका. ह्याला तुमचा कॉम्प्युटर जोडता येणार नाही."

अगदी स्पष्ट बोलला. माझे कान चांगले आहेत, मला नीट ऐकू आलं. पण येवल्यात मी काय बघितलंय? चांगली पैठणी दुकानदार समोर टांगत नाही. आत घडी घालून ठेवतो. तुम्ही त्या घडीला हात लावला की म्हणतो, "ती नका बघू ताई, ती तुमच्या कामाची नाही." मग गिऱ्हाईक हट्टाला पेटतं आणि भाव चढतो. मी मनात म्हटलं, पोरा, तू ज्या शाळेत शिकलास तिच्या ओट्यावर मी खेळले.

"जोडायचं आमचं आम्ही बघू," मी म्हटलं.

"जोडायला जागाच नाही त्याला—"

"त्यांचे मालक जोडतात," भागीबाई मध्ये पडली. "लेथवर होते ते. पंख्याचं बटण जोडलंय त्यांनी मिक्सरला. मिक्सर पाचवर लावला की घर हादरतं."

समाधानने हात टेकले. भाव करताना मी दोनदा दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन परत आले. तो दोन्ही वेळेला म्हणाला, "जा आजी, खरंच जा." अशी जात असते त्यांची. शेवटी मी त्याच्याकडून वर एक पिवळं मऊ फडकंही घेतलं. पैठणीवर ब्लाउजपीस येतो, ह्याच्यावर काहीतरी यायलाच पाहिजे होतं.

घरी आले तेव्हा हे गच्चीवर टाकीत वाकलेले होते. त्यांना खाली बोलावायच्या आधी मी वस्तू पाटावर ठेवली. वरच्या सोनेरी पट्टीवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं, हळद लावली, अक्षता टाकल्या, पुढे साखर ठेवली. नवी वस्तू दारातून आली की आधी तिला घरची करायची असते, मग वापरायची.

हे आले. पडदा बघितला. हरखले हो! "अगं, तू आणलास? माझ्यासाठी?" असं म्हणाले. ह्या आवाजात हे शेवटचं कधी बोलले होते ते मला आठवतं, पण ते इथे सांगण्यासारखं नाही.

मग त्यांनी तो उचलला आणि पालथा घातला. मला फार बरं वाटलं. माणूस इतक्या वर्षांनी शिकला.

"अगं, मागे तर काहीच नाही."

"दिसलं ना?" मी म्हटलं.

"वायर कुठे लावायची?"

"कुठेही लावा."

"कुठेही म्हणजे कुठे? भोकच नाही."

"म्हणून तर घेतला."

हे खाली बसले. परत पालथा, परत सुलटा, परत आडवा. चष्मा काढला, पुसला, लावला. सातपूरला बिघडलेलं मशीन आलं की असेच बघायचे म्हणतात. पण ते मशीन बिघडलेलं असायचं. हे तर चांगलं होतं.

तेवढ्यात सृष्टी कॉलेजातून आली. पायातली चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "अय्या, डिजिटल फोटो फ्रेम! कोणी आणली?"

"काय आणली?" मी म्हटलं.

"आजी, हा मॉनिटर नाहीये गं. ही फोटो दाखवणारी फ्रेम आहे. ह्यात पेन ड्राइव्ह लावायचा आणि एकामागून एक फोटो येत राहतात. बस, एवढंच."

"कोणाचे फोटो?"

"आपण टाकू त्यांचे."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे रागावले असते तर मी उलट बोलले असते, भांडण झालं असतं, जेवण गोड लागलं असतं. पण हे फ्रेमवरून हात फिरवत म्हणाले, "पट्टी छान आहे." चाळीस-एक वर्षांच्या संसारात ह्याच्याइतकं लागेल असं हे काही बोलले नव्हते.

सकाळी मी भागीबाईला घेतलं आणि फ्रेम परत करायला दुकानात गेले. समाधानने खोकं उघडलं.

"आजी, पूजा केलीत?"

"मग? बिनपूजेची वापरतात का कोणी?"

"असं कुंकू लावलेलं कंपनी परत घेत नाही हो."

"थांब, पुसून देते." मी तेच पिवळं फडकं काढलं आणि चांगलं पाणी लावून घासलं. कुंकू वेलबुट्टीत उतरलं. पानापानांत, फुलाफुलांत गेलं. आधीपेक्षा खरं तर चांगलं दिसायला लागलं, पण परत करण्याजोगं राहिलं नाही.

भागीबाई म्हणाली, "चल कुसाबाई. पूजलेली वस्तू तशीही दारातून बाहेर काढू नाय." हे तिने रिक्षात बसायच्या आधी सांगितलं असतं तर रिक्षा तरी वाचली असती.

आता रविवार तोंडावर आला. बायकांना बोलावलेलं, टीव्हीच्या पाठीत वायर तशीच, आणि मी कोणत्या तोंडाने मागणार? मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं आमच्या ह्यांना सहन होत नाही, त्यांना वाटतं बीपी वाढलं. त्याच संध्याकाळी त्यांनी मोबाइल घेतला, काहीतरी दाबलं आणि म्हणाले, "मागवला. परवा येईल."

"कोणता?"

"पहिला दिसला तो."

"महिनाभर ठरत नव्हतं, आज कसं ठरलं?"

"म्हटलं, तू पुन्हा बाजारात जायच्या आत उरकावं."

शनिवारी पडदा आला. मी पालथा घालून बघितला. चाळण होती नुसती. हे मात्र एकेका भोकात वायर घालत लहान पोरासारखे हसत होते. मग ते सगळं बिऱ्हाड उचलून आतल्या खोलीत गेले. टीव्ही मोकळा झाला! म्हणजे बघा, मी चुकीची वस्तू आणली म्हणूनच बरोबर वस्तू आली. हे मी त्यांना सांगितलंही. त्यांनी दार लोटून घेतलं.

सृष्टीने फ्रेमचंही सोनं केलं. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो एका पेन ड्राइव्हवर घातले, फ्रेमला लावला आणि फ्रेम टीव्हीशेजारी शोकेसवर उभी केली. "मी सगळे बघितले नाहीत आजी, परीक्षा आहे. पण भरपूर आहेत," म्हणाली.

रविवारी मी पहाटेपासून पुरण घातलं. सासू शुद्धीवर येणार, म्हणजे सणच. पोळ्या, कटाची आमटी, कुरडया, वर तूप. संध्याकाळी बायका आल्या. ठरलं असं, की आधी मालिका, मग जेवण. मी तेवढ्या चवीपुरत्या दोन पोळ्या खाऊन घेतल्या होत्या. (तीन.)

मालिकेला अजून वेळ होता, म्हणून बायका फ्रेम बघत बसल्या. आमच्या लग्नाचा फोटो आला. सृष्टीच्या बारशाचा आला. "काय सुंदर वस्तू आणलीस गं कुसाबाई," गोजराबाई म्हणाली. मी मान खाली घातली.

मग एक फोटो आला. मी. खुर्चीत. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, हातात रिमोट, आणि पाठीमागे टीव्हीवर मालिका चालू.

"डोळा लागला वाटतं," गोजराबाई म्हणाली.

"एखाद्या दिवशी लागतो," मी म्हटलं.

पुढचा फोटो. मी, तीच खुर्ची, तेच तोंड, लुगडं निराळं. पुढचा. निळं लुगडं. पुढचा. स्वेटर घातलेला. पुढचा. खिडकीत आकाशकंदील.

"अगं, हा तर दिवाळीचा!" गोजराबाई मोजायला लागली. "म्हणजे दिवाळीपासून...?"

भागीबाई हळूहळू माझ्याकडे वळली. "म्हणून रोज सकाळी वट्ट्यावर येऊन मला म्हणतीस व्हय, 'कालचं तुला कसं वाटलं भागीबाई, तू सांग आधी'?"

"मी डोळे मिटून ऐकते," मी म्हटलं. "कानावर जास्त कळतं."

"तोंड कशाला उघडं ठेवतीस मग?"

मी आत हाक मारली. "अहो! हे कोणी काढले?"

हे दारात आले. फ्रेमकडे बघितलं आणि चोरासारखे उभे राहिले. "मीच. पुरावा म्हणून. रोज तू झोपलीस की मी टीव्हीला वायर लावायचो आणि उठायच्या आत काढून ठेवायचो. दिवाळीपासून कधी गडबड झाली नाही. गेल्या महिन्यात एकदा मध्येच उठलीस, तिथे सगळं बिनसलं."

"मग तेव्हाच का नाही दाखवलेत?"

"धीर झाला नाही."

इतक्यात मालिका सुरू झाली म्हणून मी वाचले. मी सगळ्यांसमोर खुर्ची बाजूला सारली आणि पाठ न टेकता स्टुलावर ताठ बसले. तोंडात लवंग धरली. बघू दे म्हटलं गल्लीला, कोण झोपतं ते. आमचे हेही काम सोडून भिंतीशी येऊन बसले.

दवाखाना दाखवला. सासूच्या नाकात नळी. डॉक्टरांनी मान हलवली. सून देवासमोर दिवा लावून परत आली, सासूच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "आई..." सासूची करंगळी हलली. गोजराबाईने डोळ्याला पदर लावला. यंत्राचा आवाज येत होता, टूं... टूं... टूं... अगदी एका तालात, पाळण्याला झोका द्यावा तसा. मी ताठ बसून होते. लवंग तोंडात होती. एवढं मला पक्कं आठवतं.

डोळे उघडले तर मी खुर्चीत होते, अंगावर शाल. टीव्ही बंद. बायका नव्हत्या. पोळ्यांचा डबा घासून पालथा घातलेला. समोर आमचे हे एकटे बसलेले.

"अहो," मी म्हटलं, "उठली का हो सासू?"

"उठली ना," हे म्हणाले. "तिला एकट्या सुनेने एकदा हाक मारली, तर उठली. तुला सगळ्या गल्लीने मारल्या."